दोनशे सोळा कासवं आणि एक बदक

कंपनीच्या वेबसाइटवर ‘आमची माणसं’ नावाचं पान आहे. तिथं इतरांनी आपलं काम आणि फार तर एखादा छंद लिहिलाय. भिंगसाहेबांनी स्वतःबद्दल लिहिलंय ते असं: ‘सॉफ्टवेअरमधले दोष ज्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं पळ काढतात, असे एकमेव सत्यशोधक. तर्क धारदार, नजर भेदक, स्मरणशक्ती अचाट. आजवर त्यांच्या हातून एकही केस सुटल्याशिवाय राहिलेली नाही. ज्या राहिल्या, त्या मुळात केसच नव्हत्या.’

मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, हा मजकूर दोनदा काढून टाकला. दोन्ही वेळा तो आठवड्याच्या आत परत आला. कोणी आणला, कसा आणला, हे अजून उघडकीला आलेलं नाही. ही एवढी एक केस साहेबांनी कधी हातात घेतली नाही.

भिंगसाहेब हे नाव पडलं टेबलावरच्या पितळी मुठीच्या भिंगामुळं. प्रोग्रॅम बिघडला की साहेब खुर्ची पुढं ओढत आणि भिंग थेट स्क्रीनला लावत. आता स्क्रीनला भिंग लावलं की अक्षरं दिसत नाहीत, नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. खोटं वाटत असेल तर घरी लावून बघा. साहेब त्या ठिपक्यांकडे टक लावून पाहत आणि ‘हं!’ म्हणत. ऑफिसातली सात माणसं मग त्या ‘हं’चा अर्थ लावत बसत.

टिचकी ही त्यांची सहायक. लहानपणी दिसेल ते बटण दाबून बघायची म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. ते घरातच राहिलं असतं, पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी ऑफिसात फोन करून ‘टिचकी आहे का? डबा विसरलीये ती,’ असं विचारलं, आणि संपलंच सगळं. प्रोग्रॅम लिहायला ती कॉलेजात शिकली होती. तोंड बंद ठेवून ऐकून घ्यायला इथं शिकली.

साहेबांची सूत्रं होती. आणि खोटं कशाला बोला, त्यातली काही खरंच कामाची होती. सूत्र पहिलं: आधी मशीन बंद करून चालू करा, मग डोकं चालवा. सूत्र चौथं: एरर आली की ती शेवटपर्यंत वाचा, लोक पहिल्या ओळीलाच रडायला लागतात आणि उत्तर तिसऱ्या ओळीत बसलेलं असतं. सूत्र सातवं: शुक्रवारी दुपारनंतर चालत्या सॉफ्टवेअरला हात लावू नका, शनिवार-रविवार आपलाच जातो. सूत्र नववं म्हणजे टेबलावरचं पिवळं प्लास्टिकचं बदक. कुठं अडलं की त्या बदकाला आपला प्रोग्रॅम एकेक ओळ करून समजावून सांगायचा. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते. बदक मध्ये बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण. साहेबांना सांगायला गेलं तर ही सोय नव्हती.

तर झालं असं, की कंपनीनं एका प्राण्यांच्या दवाखान्याला अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. लोक फोनवरून किंवा घरबसल्या वेळ ठरवतात, काउंटरवर यादी दिसते, डॉक्टर एकेकाला आत बोलावतात. तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आता डॉक्टरांना महिन्याचा अहवाल हवा होता: कुठल्या प्राण्यांच्या किती नोंदी झाल्या. हे टिचकीचं पहिलं स्वतंत्र काम. तिनं जीव ओतून केलं, आणि सोमवारी सकाळी अहवाल गेला.

अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आला. मॅडमनी स्पीकर चालू केला.

‘‘मॅडम, तुमच्या अहवालात कुत्री तीनशे बारा. बरोबर. मांजरं एकशे सत्याऐंशी. बरोबर. ससे चौदा, मान्य. कासवं किती लिहिलीत, वाचा जरा.’’

मॅडमनी वाचलं. ‘‘दोनशे सोळा.’’

‘‘मी बावीस वर्षं दवाखाना चालवतोय. आयुष्यात दोन कासवं बघितली. त्यातलं एक माझ्या भाच्याचं होतं आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. ही दोनशे सोळा माझ्या नाकाखालून कधी गेली? आणि गेली तर इतक्या लवकर गेली कशी?’’

डॉक्टरांनी फोन आपटल्यावर मॅडम टिचकीकडे वळल्या. मॅडम ओरडत नसत, त्यामुळं जास्त भीती वाटे. ‘‘शुक्रवारी तुझे सहा महिने पुरे होतात. कायम केल्याचं पत्र तयार आहे, माझी सही तेवढी बाकी आहे. शुक्रवारपर्यंत ही कासवं कुठून येतात ते कळलं नाही तर डॉक्टर दुसरं सॉफ्टवेअर घेणार आहेत. मग त्या पत्राचं मी काय करायचं, ते तूच सांग.’’

याआधी दोन ठिकाणी टिचकीला सहा महिन्यांनी ‘कळवतो’ म्हणून निरोप दिला होता, आणि दोघांनीही अजून काही कळवलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा घरी जाऊन बाबांना तेच सांगायचं, या विचारानंच तिला कसंतरी झालं.

‘‘घाबरू नकोस, सहायक,’’ मागून आवाज आला. ‘‘केस मी घेतली आहे.’’

मग ती खरंच घाबरली.

साहेबांनी तपास सुरू केला तो नोंदी बघून. प्रत्येक कासवाची नोंद सारखी होती. प्राणी: कासव. प्राण्याचं नाव: ब. मालकाचं नाव: ब. तक्रार: ब. नोंद झाली की अर्ध्या मिनिटात ती रद्द झालेली. रद्द झालेल्या नोंदी यादीत दिसत नाहीत, म्हणून तीन वर्षं कोणाला पत्ता नव्हता. टिचकीचा अहवाल मात्र सगळ्याच नोंदी मोजत होता.

‘‘ब,’’ साहेब खुर्चीत मागं रेलले. ‘‘लक्षात येतंय का? ‘अ’ नाही, ‘ब’. याचा अर्थ ‘अ’ पडद्यामागं आहे. ‘अ’ हा सूत्रधार, ‘ब’ त्याचा हस्तक.’’

‘‘साहेब, सगळ्या नोंदी दवाखान्याच्या काउंटरवरच्याच कॉम्प्युटरवरून झाल्यात. हे बघा.’’

‘‘हं! म्हणजेच त्या तिथून झालेल्या नाहीत.’’

‘‘असं कसं?’’

‘‘अगं, चोर कधी स्वतःच्या घरातून चोरी करतो का? काउंटरवरून झाल्या असं दिसतंय, कारण कोणाला तरी तसं दाखवायचंय. इतकं सरळ दिसणारं उत्तर खरं असतं तर आपल्याला पगार कशाला दिला असता?’’

‘‘काउंटरवर एक ताई बसतात म्हणे. त्यांना फोन करून विचारू या का?’’

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं जणू की-बोर्डवर चहा सांडलाय. कंपनीचा नियम होता: डेव्हलपरनं गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही, लेखी तक्रारपत्रातूनच विचारायचं. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी गिऱ्हाइकाकडे जाऊन भलतंच आश्वासन देऊन आलं होतं, तेव्हापासून मॅडमनी हा नियम केला होता. कोण, ते टिचकीला माहीत नव्हतं. मग तिनं रीतसर लेखी प्रश्न पाठवला: ‘आपण कासवांच्या नोंदी करता का?’ उत्तर डॉक्टरांकडून आलं: ‘नाही. नाही म्हणजे नाही. हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता.’

मंगळवारी साहेबांनी सापळा लावला. दवाखान्यात कासवाची नोंद झाली रे झाली, की आपल्या ऑफिसात घंटा वाजायची. घंटा पहिल्यांदा वाजली साडेनऊला. साहेब उठून उभे राहिले, भिंग उचललं, आणि मग कुठं जायचं ते न कळून परत बसले. दिवसभरात घंटा नऊ वेळा वाजली. नऊही वेळा साहेब उभे राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

पण घंटेच्या वेळांचा त्यांनी तक्ता केला आणि बुधवारी सकाळी तो टिचकीपुढं धरला. ‘‘बघ. दुपारी एक ते तीन एकही नोंद नाही. म्हणजे गुन्हेगार दोन तास जेवतो आणि झोपतो. वयस्कर असावा. पोट सुटलेलं असणार.’’

‘‘दवाखानासुद्धा एक ते तीन बंद असतो, साहेब.’’

‘‘हा योगायोग गुन्हेगाराच्या चांगलाच पथ्यावर पडलाय,’’ साहेब म्हणाले.

मग तर्कांना ऊत आला. आधी प्रतिस्पर्धी कंपनीनं पेरलेला प्रोग्रॅम, कासवाच्या गतीनं आपल्याला पोखरणारा. मग खुद्द डॉक्टर, भाच्याच्या कासवाची बावीस वर्षं दाबून ठेवलेली भीती, झोपेत बोटं आपोआप चालतात. टिचकी म्हणाली, डॉक्टर दिवसाढवळ्या झोपेत चालले तर कुत्र्यांना इंजेक्शनं कोण देतं? साहेबांनी तो तर्क जड मनानं मागं घेतला. आणि दुपारी ते एकदम गप्प झाले. साहेब गप्प होणं हे कधीच चांगलं लक्षण नव्हतं.

‘‘सहायक,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘तुझा अहवाल तपासायला तू काही खोटे प्राणी बनवले होतेस. त्यांची यादी मी पाहिली. कुत्रा, मांजर, ससा, आणि चौथा कोण?’’

‘‘कासव. पण ते माझ्या मशीनवर होतं, साहेब. माझ्याच मशीनवर!’’

‘‘‘माझ्या मशीनवर’,’’ साहेबांनी उसासा टाकला. ‘‘आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना जबाब. तेरा वर्षं ऐकतोय.’’

‘‘आणि या नोंदी तीन वर्षांपासूनच्या आहेत! मी तेव्हा कॉलेजात होते!’’

‘‘तारखा बदलता येतात,’’ साहेब म्हणाले, आणि मान फिरवली. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे टिचकीला दिसलं. पण मॅडमच्या टेबलावर संध्याकाळी जो कागद गेला, त्यावर ‘संशयित क्रमांक एक’ या रकान्यात तिचंच नाव होतं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाबा ताटात मटार सोलत बसले होते. बाबा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. आयुष्यभर लोकांना वर-खाली केलं, आता एका जागी बसवत नाही. टिचकी समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. बदकाला सांगतात तसं, एकेक ओळ करून. फरक एवढाच, की बदक मध्ये मध्ये ‘‘मग?’’ म्हणत नाही आणि मटारचे दाणे तोंडात टाकत नाही. ‘संशयित क्रमांक एक’पाशी आल्यावर तिला रडूच फुटलं.

बाबांनी ताट बाजूला ठेवलं. ‘‘रडतेस काय, टिचके! ऐक. एका इमारतीत लिफ्ट रोज सकाळी चौथ्या मजल्यावर थांबायची. दार उघडायचं, बाहेर कोणी नाही. लोक म्हणाले भूत आहे. आम्ही वायरी बदलल्या, बटणं बदलली, मोटर उघडून बघितली. तीनदा गेलो हत्यारं घेऊन. चौथ्यांदा मी हत्यारं नेलीच नाहीत, स्टूल नेलं. चौथ्या मजल्यावर जाऊन बसलो. नऊ वाजता एक बाई आल्या, लिफ्टचं बटण दाबलं, अर्धं मिनिट वाट बघितली, ‘मेली येत नाही’ म्हणाल्या आणि जिन्यानं निघून गेल्या. मागून लिफ्ट आली.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे भूत साध्या चपलांनी जिना उतरत होतं. तुमचं ते उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय, बाळा. ज्या खुर्चीवरून नोंद होते, त्या खुर्चीपाशी कोणी गेलंय का?’’

‘‘आम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायची बंदी आहे, बाबा.’’

‘‘तुम्हाला आहे ना? मी कुठं डेव्हलपर आहे?’’ बाबा म्हणाले आणि परत मटार सोलायला लागले.

गुरुवारी सकाळी टिचकी बाबांना घेऊन दवाखान्यात पोचली. बाकांवर माणसं आणि त्यांच्या मांडीवर प्राणी. एक बोका टोपलीतून सगळ्यांना शिव्या दिल्यासारखा ओरडत होता. आणि कोपऱ्यात, काळा चष्मा, कानटोपी आणि गळ्यापर्यंत बंद केलेला कोट घालून, मांडीवर फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन, भिंगसाहेब बसले होते.

‘‘साहेब! तुम्ही इथं?’’

‘‘मला ओळखू नकोस,’’ साहेब ओठ न हलवता म्हणाले. ‘‘मी वेषांतर केलंय. बंदी बोलायला आहे, बसायला नाही. साडेनऊला इथं गुन्हेगार येणार.’’

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. ताई पन्नाशीच्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज असा, की बोकासुद्धा गप्प झाला. ‘‘कानटोपीवाले! केव्हाचे बसलाय, नोंद नको का करायला? काय आहे टोपलीत?’’

साहेब उठले. घोटाळा असा, की वेषांतराची एवढी तयारी करताना जिवंत प्राणी आणायचं राहून गेलं होतं. ‘‘बदक,’’ ते म्हणाले.

‘‘तक्रार?’’

साहेबांनी विचार केला. ‘‘बोलत नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्यापासूनच.’’

ताईंनी चष्म्यावरून एकवार पाहिलं, आणि ‘‘बसा, डॉक्टर बघतील,’’ म्हणाल्या. अशी माणसं त्यांना नवीन नव्हती.

बाबा तोवर काउंटरला टेकून उभे राहिले होते. चाळीस वर्षं अनोळखी इमारतींच्या वॉचमनांशी बोलून बोलून त्यांना कुठंही, कोणाशीही, कशावरूनही गप्पा मारता येत होत्या. ‘‘गर्दी बरीच असते हो तुमच्याकडे. या मशीनचा त्रास नाही ना?’’

‘‘मशीन गुणी आहे हो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘एक खोड आहे तेवढी. लोक घरून वेळ ठरवतात ना, ती नावं माझ्या यादीत आपणहून येत नाहीत. मी इथून एखादी नोंद केली, की मग यादी हलते आणि सगळी नावं येतात.’’

‘‘अरेच्चा! मग तुम्ही काय करता?’’

‘‘काय करणार? एक खोटी नोंद घालते आणि लगेच काढून टाकते. थांबा, आता करायचीच आहे.’’ ताईंनी टपटप बोटं चालवली. ‘‘प्राणी निवडावाच लागतो. कुत्रा-मांजर घातलं आणि काढायला विसरले तर डॉक्टर वाट बघत बसायचे. म्हणून कासव घालते. कासव काही इथं येत नाही. बाकी रकान्यांत नुसतं ‘ब’. ते माझ्या बोटाखालीच येतं. झालं! दिवसातून आठ-नऊ वेळा करते, अंगवळणी पडलंय.’’

तिकडे ऑफिसात या क्षणी घंटा वाजली असणार, आणि उठून उभं राहायला तिथं कोणीच नव्हतं.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, आणि नियम गेला चुलीत, ‘‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’’

‘‘सॉफ्टवेअर कंपनीचेच एक साहेब आले होते, तीन वर्षं झाली. सॉफ्टवेअर नवीन होतं. यादी सारखी लुकलुकते, डोळे दुखतात, अशी मी तक्रार केली होती. त्यांनी काहीतरी केलं, लुकलुक थांबली. पण नावं यायचीही थांबली! तर म्हणाले, ‘सध्या एक खोटी नोंद घालून काढत जा, यादी ताजी होईल. उद्या येऊन नीट करतो.’ फार विश्वासानं बोलले हो. मी आपली वाट बघतेय.’’

‘‘दिसायला कसे होते?’’ बाबांनी विचारलं.

‘‘मोठे रुबाबदार. हातात भिंग होतं. उंचीनं अगदी...’’ ताई थांबल्या. चष्मा नाकावरून वर सरकवला. ‘‘अगदी या बदकवाल्यांएवढे.’’

कोपऱ्यात कोणाची तरी टोपली खाली पडली. फडकं सुटलं, आणि पिवळं प्लास्टिकचं बदक फरशीवरून घरंगळत बोक्यापर्यंत गेलं. बोक्यानं त्याला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

ऑफिसात पोचल्यावर साहेब म्हणाले, ‘‘साक्षीदाराची नजर चुकू शकते. पुरावा काढ.’’

आता सांगायला हवं, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे एक मोठी सोय असते. कुठली ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली, याची वही मशीन आपणहून ठेवतं. एखादी भिकार ओळ सापडली की डेव्हलपर ‘कुठल्या गाढवानं हे लिहिलं!’ म्हणत ती वही उघडतो. अनुभवी लोक मात्र उघडण्याआधी गाढव हा शब्द गिळतात. तीन दिवस टिचकी कासवं तयार करणारी ओळ शोधत होती, आणि तशी ओळ नव्हतीच. आज तिनं यादी ताजी करणारी ओळ शोधली. दोन मिनिटांत सापडली. कोणीतरी ती बंद करून ठेवली होती, आणि शेजारी टीप लिहिली होती: ‘तात्पुरतं. उद्या नीट करतो.’

तिनं वही उघडली. शुक्रवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं, तीन वर्षांपूर्वी. आणि नाव.

साहेबांनी भिंग उचललं, स्क्रीनला लावलं. ठिपके दिसले असतील. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि उघड्या डोळ्यांनी वाचलं. ‘हं’ म्हणाले नाहीत.

‘‘दुरुस्त कर,’’ ते म्हणाले. ‘‘आजच कर. उद्या शुक्रवार आहे.’’

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. यादी दर मिनिटाला ताजी होऊ लागली, आणि लुकलुकही नाही. तीन वर्षं, हजारो कासवं, आणि दहा मिनिटं! टिचकीला हसावं की रडावं कळेना. पण काळजी संपली नव्हती. केसचा शेवटचा अहवाल साहेब लिहिणार होते, दार लावून. त्यात ते काय लिहितील? ‘अज्ञात इसम’ लिहिलं तर? ‘संशयित क्रमांक एक’ तसंच राहिलं तर? तिच्याकडे पुरावा होता, नाही असं नाही. पण ज्या माणसाच्या हाताखाली सहा महिने काम शिकलो, त्याच्याकडे मॅडमसमोर बोट दाखवायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. रात्रभर तिनं कूस बदलली.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर पत्र पडलं होतं. सहीची जागा कोरी. साहेब अहवाल वाचायला उभे राहिले. सुरुवात नेहमीसारखीच होती: प्रकरण गहन होतं, गुन्हेगार धूर्त होता, सापळे रचले गेले, वेषांतरं झाली. बदकाचा उल्लेख ‘एक विश्वासू सहकारी’ असा आला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. टिचकी पत्राकडे पाहत होती.

‘‘...गुन्हेगारानं शुक्रवारी दुपारी चालत्या सॉफ्टवेअरला हात लावला. वर ‘उद्या नीट करतो’ असं वचन दिलं आणि विसरून गेला. त्याच्या चुकीपायी एक बाई तीन वर्षं दिवसातून नऊ वेळा खोटी नोंद करत राहिल्या. आणि...’’ साहेबांनी कागद खाली ठेवला. ‘‘मॅडम, तो मी. टिचकीचा अहवाल पहिल्या दिवसापासून बरोबर होता. तिनं मोजलं ते खरं मोजलं. मी तिच्यावर आळ घेतला, ते चुकलं माझं.’’

सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच तिचं नाव आलं होतं. टिचकीचे डोळे भरून आले. कालची रात्र आपण उगाच जागलो, असं तिला वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

मॅडमनी पेन उचललं आणि सही केली. ‘‘भलतं आश्वासन देऊन आलेला माणूस तुम्ही, हे मला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं,’’ त्या साहेबांना म्हणाल्या. ‘‘तुम्हाला दुसऱ्यांच्या दारात जाऊ द्यायचं नाही म्हणून तर नियम केला. तो नियमच चुकला. आजपासून नियम उलटा. महिन्यातून एक सकाळ प्रत्येकानं गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायचं. पहिली पाळी तुमची. आणि ती घंटा काढा.’’

‘‘घंटा महिनाभर राहू द्या, मॅडम,’’ साहेब म्हणाले. ‘‘वाजली नाही, की मला बरं वाटेल.’’

घंटा खरंच वाजेनाशी झाली. पहिल्या दिवशी दोनदा वाजली, ती ताईंची सवय, मग बंद. ऑफिस कसं शांत झालं. वेबसाइटवरच्या साहेबांच्या मजकुराखाली कोणीतरी एक ओळ वाढवली: ‘एकदा स्वतःलाही पकडलेलं आहे.’ ती मात्र मॅडमनी काढली नाही.

आणि तेविसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, घंटा वाजली.

सगळ्यांचे हात थांबले. साहेब उठून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. ‘‘परत?’’

टिचकीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, भिंगाकडे पाहिलं नाही, बदकाकडेही पाहिलं नाही. सरळ फोन उचलला. ‘‘ताई, यादी अडकली का परत?’’

‘‘यादी झकास आहे गं!’’ ताई कुजबुजत होत्या, मागून बोका ओरडत होता. ‘‘एक आजोबा आलेत. पिशवीतून खरंखुरं कासव घेऊन! पाय दुखावलाय त्याचा. मी नोंद घातली, तर डॉक्टर आतून ओरडताहेत, ‘ताई, पुन्हा तोच चावटपणा?’ ते काही केल्या बाहेर यायला तयार नाहीत, आजोबा काही केल्या जायला तयार नाहीत. काय करू, नोंद रद्द करू का?’’

‘‘नको, ताई, नको! अजिबात काढू नका!’’ टिचकी ओरडली. ‘‘साहेब येताहेत तिकडे, डॉक्टरांना समजावून सांगायला.’’

तिनं फोन ठेवला आणि वळून पाहिलं. साहेब काखेत स्टूल मारून दारापर्यंत पोचले होते. भिंग टेबलावरच राहिलं होतं.